आमच्या पोरांना एक गटांगळी खाऊ द्या

प्रति,
मुख्य उड्डाण प्रशिक्षक, राज्यातील सर्व वैमानिक प्रशिक्षण संस्था,
आणि
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली.

विषय: विद्यार्थी वैमानिकांना स्टॉल (पंखाने हवा धरणं सोडणं) आणि स्पिन (त्यातून विमान गरगर फिरत खाली येणं) प्रत्यक्ष हवेत शिकवण्याबाबत.

स.न.वि.वि.

मी हवाई दलातून निवृत्त झालेला वैमानिक. नोकरीतली निम्म्याहून जास्त वर्षं दुसऱ्यांना उडवायला शिकवण्यात गेली. आता बडनेऱ्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, आजाच्या वेळेपासून असलेलं वावर करतो. सोयाबीन, तूर आणि घरापुरती ज्वारी. बेलोऱ्याची, म्हणजे अमरावती विमानतळाची, धावपट्टी इथून फार दूर नाही. एप्रिल २०२५ मध्ये तिथे मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं तेव्हा आमच्या गावातली माणसं भर उन्हात स्लॅबवर चढून आभाळाकडे पाहत होती. तिथेच वर्षाला १८० वैमानिक घडवणारी अकादमी उभारणार असल्याचं एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलं. गोंदियाजवळच्या बिरसीला तर कितीतरी वर्षांपासून पोरं शिकतात. म्हणजे आमच्या डोक्यावर यापुढे शिकाऊ विमानांच्या घिरट्या असणार. मला त्याचा आनंदच आहे. गावातल्या दोन पोरींनी आत्ताच विचारून ठेवलंय, "काका, अकरावीले गणित-फिजिक्स घेतलं त चालते का?" चालते म्हटलं. तेच लागते.

त्या पोरी उद्या तुमच्या दारात येतील. त्या आधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे.

आमच्याकडे पोहायला विहिरीत शिकवतात. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक बापाच्या हातात. भोपळा आहे तोवर पोरगं झकास हातपाय मारतं, काठावरच्यांना हाका मारतं. मग एक दिवस बाप भोपळा काढून घेतो. पोरगं खाली जातं, नाकातोंडात पाणी शिरतं, पायाला बूड लागत नाही. गटांगळ्या खात वर येतं आणि कडेच्या दगडाला धरून रडतं. दुसऱ्या दिवशी स्वतः उडी मारतं. त्या गटांगळीच्या आधी आमच्याकडे कोणी म्हणत नाही की याला पोहता येतं.

उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण करून, सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स घेऊन बाहेर पडलेली जी पोरं मला भेटली, त्यातली बरीचशी भोपळा बांधूनच बाहेर पडलेली होती. माझ्या घरातलंच उदाहरण सांगतो.

माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेत शिकला. संस्थेचं नाव घेत नाही. तिच्याहून चांगल्या असतील, तिच्याहून वाईटही असतील. फीपायी मेहुण्यांचं दोन एकर ओलिताचं वावर गेलं. लायसन्स हाती आलं, पेढे वाटले. दिवाळीला तो आमच्याकडे आला आणि माझ्यासोबत जागलीला वावरात आला. तुरीत रानडुकरं शिरतात, त्यामुळे रात्री कोणीतरी लागतंच. मध्यरात्र उलटून गेल्यावर, मी बॅटरी फिरवून परत मचाणावर चढलो तेव्हा तो अंधारातच बोलला.

"मामा, एक गोष्ट कोणालेच सांगतली नाई. मायले त बिलकूलच नाई."

एकट्याचं उड्डाण. डावं सर्किट, म्हणजे डावीकडे वळत धावपट्टीभोवती चक्कर मारून उतरायचं. बेस लेगवर, म्हणजे शेवटच्या वळणाआधीच्या धावपट्टीला आडव्या टप्प्यावर, वारा मागून ढकलत होता, त्यामुळे धावपट्टीच्या रेषेत वळायला त्याला उशीर झाला. नाक रेषेच्या पलीकडे जाऊ लागलं. विमान जास्त तिरकं करायचं नाही, हे डोक्यात घट्ट बसलेलं. म्हणून त्याने पायाने डावा रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारी शेपटीवरची फळी) दाबला आणि नुसतं नाक ओढून रेषेवर आणायला बघितलं. पायाने नाक फिरवलं की बाहेरचा पंख पुढे पळतो, जास्त उचलतो आणि विमान आणखी डावीकडे कलतं. ते सावरायला त्याने हातातला कंट्रोल उजवीकडे धरला. नाक खाली घसरलं तसा तोच कंट्रोल पोटाकडे ओढला. डावा पाय, उजवा हात, आणि हात मागे. तुमच्यापैकी जे वाचतायत त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. यापेक्षा चोख स्पिनची तयारी मी मुद्दाम विद्यार्थ्यांना दाखवायला करायचो, पण तेव्हा खाली हजारो फूट मोकळी हवा असायची. याच्याखाली पाचेकशे फूट होते.

स्टॉल जवळ आल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला. "असा रडल्यासारखा वाजते ना मामा तो. हातपाय गार पडले. मी सगळंच सोडून देलं." घाबरून हात सोडले आणि इंजिनाचा थ्रॉटल पुढे ढकलला, म्हणून वाचला. विमान स्वतःच्या स्वभावाने सरळ झालं. त्याने पुन्हा चक्कर मारली, उतरला, गप्प बसला. लॉगबुकात त्या दिवशी नेहमीसारखं सोलो सर्किट लिहिलेलं आहे.

मी विचारलं, "पडलं असतं तर कोणत्या अंगाला पडलं असतं?"

"उजव्या..." मग थांबला. "नाई, माईत नाई."

"स्पिन किती केले?"

"वर्गात झाला. बोर्डावर."

"हवेत?"

"सर म्हणले, आपल्या विमानाले परवानगीच नाई."

"आणि स्टॉल?"

"भोंगा वाजला का नाक खाली कराचं. बहुतेक वेळा सरच करत."

यात खोटं काही नाही. डायमंड डीए-४० सारख्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये मुद्दाम स्पिन करायला मनाईच आहे, आणि ती मनाई मोडा असं मी म्हणत नाही. पण भोंगा वाजल्याबरोबर नाक खाली करणं म्हणजे स्टॉल शिकणं नाही, स्टॉलच्या दारावरची बेल ऐकून पळणं आहे. पंख खरंच पडतो तेव्हा काय वाटतं, कंट्रोल हातात कसे ढिले, मेल्यासारखे लागतात, विमान शेपटीपासून कसं थरथरतं, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. दोनशे तासांत एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ग्रामपंचायतीच्या ऑफिसात नेलं. रविवार होता. तिथे सरपंचांची फिरती खुर्ची आहे, गावात तेवढी एकच. त्याला तीवर बसवलं, पायांपुढे दोन विटा ठेवल्या, हातात तुराटी दिली. डोळे मिटायला लावले आणि खुर्ची गरगर फिरवली. म्हटलं, थांबवली की डोळे उघड, कोणीकडे फिरत होतास ते सांग आणि उलटा पाय दाब. पहिल्या तिन्ही वेळा त्याने चुकीचा पाय दाबला. चपराशी दारात उभा राहून हसत होता, त्यालाही बसवलं. त्याचाही चुकला.

कान फसवतो, म्हणून चुकतं. कानाच्या आतल्या नळ्यांतलं पाणी फिरणं सुरू झालं की हेलकावतं. तेच फिरणं काही सेकंद एकसारखं चालू राहिलं की ते पाणीही सोबत फिरू लागतं आणि आपल्याला वाटतं की फिरणं थांबलं. खरंच थांबलो की वाटतं आता उलटे फिरतोय. स्पिनमधून विमान बाहेर आल्यावर ज्याचा कान असं खोटं सांगतो तो पुन्हा रडर देऊन त्याच विमानाला दुसऱ्यांदा स्पिनमध्ये घालतो. त्यामुळे हवाई दलात आम्ही मुलांना बजावायचो, शरीराला विचारू नकोस, टर्न नीडलला, वळण दाखवणाऱ्या काट्याला, विचार. काटा डावीकडे, तर उजवा रडर, पूर्ण, अडेपर्यंत. दहा-बारा वेळा केल्यावर भाच्याचा पाय बरोबर पडायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी रया आली.

पण खुर्ची खाली पडत नाही. नेमकी तीच गोष्ट मला त्याला दाखवता आली नाही.

हे पत्र विमानाशी संबंध नसलेली माणसंही वाचतील, म्हणून स्पिन म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगतो. प्रशिक्षकांनी हा भाग सोडला तरी चालेल. एसटीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढा. थोडा तिरका केला की वारा हात वर उचलतो. आणखी तिरका केला की आणखी उचलतो. मग एका मर्यादेपुढे नेला की उचलणं संपतं आणि हात फडफडत मागे जातो. पंखाचंही तेच आहे. साधारण पंधरा-अठरा अंशांच्या पुढे समोरच्या हवेशी कोन गेला की पंख धरत नाही. याला स्टॉल म्हणतात. इंजिन छान चालू असतानाही तो होतो. इंजिन बंद पडलं म्हणजे स्टॉल, हा गैरसमज वर्तमानपत्रांनी पसरवला आहे. आता दोन पंखांपैकी एक जास्त स्टॉल झाला, एक कमी, आणि विमान त्याच वेळी एका अंगाला वळत असलं, तर पडणारा पंख आणखी पडत राहतो, दुसरा वर राहतो, आणि विमान गरगर फिरत खाली येऊ लागतं. उन्हाळ्याच्या शेवटी महारुखाचं पंखवालं बी झाडावरून कसं फिरत खाली येतं, ते पाहिलंय ना? तसंच. बियाला त्या फिरण्याचा फायदा होतो, वारा त्याला लांब नेतो. विमानाला मात्र एकदा फिरणं लागलं की तेच फिरणं त्याला स्टॉलमध्ये धरून ठेवतं. वेगाचा काटा कमीच राहतो, जमीन मात्र समोरच्या काचेत फिरत फिरत मोठी होत जाते.

आणि इथे माणसाचा स्वभाव आडवा येतो. बैल उधळले की नवशिक्या गाडीवान दोन्ही कासरे छातीशी ओढतो. नाक खाली गेलेल्या विमानात बसलेला माणूसही तेच करतो, स्टिक म्हणजे हातातला कंट्रोल ओढतो. पडणारा पंख उचलायला स्टिक उलट बाजूला नेतो, त्याने पडलेल्या पंखाचा कोन आणखी वाढतो. दोन्ही उपाय आपले, दोन्ही जीव घेणारे. खरा उपाय उलटा आहे: थ्रॉटल बंद, स्टिक मधोमध, फिरण्याच्या उलट रडर पूर्ण, मग स्टिक पुढे. जमिनीकडे तोंड असताना स्टिक जमिनीकडे ढकलायची. फिरणं थांबलं की रडर सरळ, आणि मग हळूहळू नाक वर. वाचायला एक ओळ लागते. पहिल्यांदा करताना मेंदू मानत नाही.

माझा पहिला स्पिन दुंडिगलला, हवाई दलाच्या अकादमीत, किरण या शिकाऊ विमानात. शेजारी प्रशिक्षक बसलेले. त्यांनी वेग कमी केला, विमान थरथरलं, त्यांनी पाय दाबला आणि क्षितिज उभं झालं, मग दिसेनासं झालं. समोर फक्त जमीन, एक तलाव, एक शेत, पुन्हा तोच तलाव. ते शांत आवाजात विचारत होते, "कोणीकडे फिरतंय?" मी काहीच बोललो नाही. मला माझी पदवी, माझं गाव, काही आठवत नव्हतं. त्यांनी विमान सावरलं, वर नेलं आणि म्हणाले, आता तू. दुसऱ्या वेळी मी तलाव मोजले. तिसऱ्या वेळी काट्याकडे पाहिलं. भीती गेली नाही, पण ती ओळखीची झाली. पुढे दीपक विमानावर मी स्वतः मुलांना स्पिन दाखवले, आणि पहिल्या वेळी मुलगा गप्प बसला तर त्याला कधी रागावलो नाही.

ही विद्या आपल्याकडे कशी आली, तेही सांगण्यासारखं आहे. २५ ऑगस्ट १९१२ ला इंग्लंडात सॉल्झबरीच्या मैदानावर विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलाचा वैमानिक एका बंदिस्त केबिनच्या अॅव्हरो विमानातून सहनशक्तीची चाचणी आटोपून उतरत होता. विमान स्पिनमध्ये गेलं. त्या काळात स्पिनमधून कसं निघायचं, हे ठरलेलं नव्हतं. स्पिन म्हणजे मरण, एवढंच ठाऊक होतं. त्याने जे जे सुचलं ते केलं, स्टिक मागे ओढली, वळणाच्याच बाजूला रडर दिला. काही झालं नाही. जमिनीपासून जेमतेम पन्नास फुटांवर त्याने हरलेल्या माणसासारखा रडर उलटा मारला, आणि विमान सरळ झालं. खाली उभे असलेल्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. पार्क उतरल्यावर पळून गेला नाही, लाजला नाही. हातांनी-पायांनी काय केलं ते क्रमाने सांगितलं, आणि त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी डिसेंबरात तो दुसऱ्या एका अपघातात गेला. पुढे पहिल्या महायुद्धात फार्नबरोला फ्रेडरिक लिंडमन या शास्त्रज्ञाने स्वतः उडायला शिकून मुद्दाम स्पिनमध्ये शिरून आकडे टिपले आणि हिशेब मांडला. माझ्या भाच्याने जे मचाणावर अंधारात सांगितलं, ते पार्कने भर दिवसा सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आपल्याकडे सोलोवरून घाबरून आलेलं पोरगं सरांसमोर तसं बोलू शकतं का, याचं उत्तर तुम्हीच स्वतःला द्या.

आता तुमचं म्हणणं. मला ते माहीत आहे, आणि त्यात दम आहे.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेने १९४९ मध्येच साध्या लायसन्ससाठी स्पिन शिकवण्याची सक्ती काढून टाकली, आता तिथे ती फक्त प्रशिक्षक होणाऱ्याला आहे. खरं आहे. स्पिन शिकवतानाच विमानं पडत होती. त्यापेक्षा स्टॉलच होऊ देऊ नका हे शिकवावं, असा तो विचार. तुम्ही असंही म्हणाल की अपघात होतात ते उतरतानाच्या वळणावर, आणि तिथे स्पिन येऊनही उपयोग नाही. तेही खरं. सेसना १७२ च्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की एका चकरीचा स्पिन आणि त्यातून निघणं याला हजार फूट उंची जाते. फायनलच्या, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत यायच्या शेवटच्या, वळणावर तुमच्याकडे त्याच्या निम्मीच असते. म्हणजे भाच्याच्या त्या वळणावर जगातला सर्वोत्तम वैमानिक असता, तरी स्पिन पूर्ण लागल्यावर तोही गेला असता.

मग मी कशासाठी भांडतोय? विहिरीतल्या गटांगळीनंतर पोरगं बुडणं शिकत नाही, बुडण्याच्या आधीचा क्षण ओळखायला शिकतं. ज्याने चार-सहा वेळा पाच हजार फुटांवर मुद्दाम डावा पाय, उजवा हात, मागे ओढणं केलंय आणि डावा पंख पायाखालून निसटताना पाहिलाय, त्याचा पाय पाचशे फुटांवर रडरवर जातच नाही. तो पुन्हा चक्कर मारतो. त्याला बोर्डावरचं चित्र आठवावं लागत नाही, पोटाला आठवतं.

शिवाय आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला इथली हवा इतकी विरळ होते की बेलोऱ्याची धावपट्टी विमानाला पाच हजार फुटांवर असल्यासारखी लागते. काट्यावरचा वेग तोच असतो, पण जमीन जास्त जोरात मागे पळते. त्यात मागून वारा असला की डोळा म्हणतो, फार वेगात आहोत, कमी कर. काटा न बघता डोळ्याचं ऐकणारा मुलगा तिथेच हळू होतो. आणि वळण तीव्र केलं की हिशेब आणखी बदलतो: सरळ उडताना पन्नास नॉटला स्टॉल होणारं विमान साठ अंशांच्या तिरक्या वळणात, उंची धरून ठेवली तर, सत्तर नॉटलाच पडतं. हे सगळं पुस्तकात आहेच. दुपारच्या वावटळींमध्ये, घामाने निसटणाऱ्या हातांनी ते कसं लागतं, हे पुस्तकात नाही.

आणि ज्यांच्याकडे उंची होती त्यांचं काय झालं? १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ए-३३० अटलांटिकवर होतं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ बसला, ऑटोपायलट सुटला. अडतीस हजार फुटांवर विमान स्टॉल झालं. खाली एवढी हवा की नाक खाली करून सावरायला पुष्कळ वाव होता. पण उडवणाऱ्याने स्टिक मागे धरून ठेवली. स्टॉलची सूचना पुन्हा पुन्हा वाजत राहिली. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्र लागेपर्यंत चार मिनिटांच्या वर वेळ गेला, २२८ माणसं गेली. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला बफेलोजवळ उतरताना कोलगन एअरचं विमान स्टॉलकडे गेलं. विमानाची यंत्रणा स्वतः स्टिक पुढे ढकलत होती आणि कॅप्टन ती मागे ओढत होता. पन्नास माणसं गेली, त्यातला एक जमिनीवर, स्वतःच्या घरात. ही काही नवशिकी पोरं नव्हती. पण दचकल्यावर माणूस कासराच ओढतो, आणि तो हात आधी कधीतरी उलटा वळवून ठेवलेला असावा लागतो.

सिम्युलेटर आहे ना, असं कोणी म्हणेल. साधा सिम्युलेटर स्टॉलच्या पलीकडे नेला की बऱ्याचदा अंदाजानेच वागतो. त्याच्या आकड्यांना तिथला अनुभवच नसतो. आणि तो माझ्या सरपंचांच्या खुर्चीसारखा आहे. खाली पडत नाही, शरीरावर वजन येत नाही, सीटमधून उचललं जात नाही. सवय लावायला उत्तम, गटांगळी द्यायला नाही.

युरोपने हे मान्य केलंय. डिसेंबर २०१९ पासून तिथे एअरलाइनच्या मोठ्या विमानाचं पहिलं रेटिंग (ते विमान उडवायची परवानगी) घेण्याआधी वैमानिकाला हवेतच बिघडलेल्या स्थितीतून सावरायचं शिक्षण सक्तीचं आहे: किमान पाच तास वर्ग आणि किमान तीन तास प्रशिक्षकासोबत उड्डाण. अमेरिकेच्या १९४९ च्या निर्णयाचं उदाहरण देणाऱ्यांनी सत्तर वर्षांनंतरचा हा निर्णयही टेबलावर ठेवावा.

आणि आपल्या देशाला स्पिनचं गांभीर्य कळत नाही असंही नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं जेट ट्रेनर एचजेटी-३६ पहिल्यांदा २००३ मध्ये उडालं, आणि पुढे बरीच वर्षं स्टॉल-स्पिनच्या वागणुकीवर अडकलं. शेवटी उभी शेपटी मागे सरकवली, रडर मोठा केला, आणि जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं की विमान सहा चकऱ्यांच्या स्पिनमधून सुखरूप बाहेर येतं. एका विमानाला स्पिन जमावा म्हणून एवढी वर्षं घालवणारा देश, माणसाला तो जमावा म्हणून तीन तास देऊ शकत नाही?

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक संस्थेला स्पिनची परवानगी असलेलं विमान घ्यायला जमणार नाही, ठीक आहे. पण विदर्भातल्या दोन-तीन संस्थांनी मिळून एक घ्यावं, आळीपाळीने वापरावं. बंडी नसलेला शेतकरी शेजाऱ्याची मागून आणतो, त्यात कसली लाज. ते चालवायला ज्याच्या हाताला अजून स्पिनची सवय आहे असाच माणूस बसवा. गेली पंधरा वर्षं ज्याने स्वतः एकही स्पिन केलेला नाही त्याच्याकडून मुलांना शिकवणं म्हणजे दोघांना एकाच दोराने विहिरीत सोडणं. उंची भरपूर, पॅराशूट अंगावर, ढग नाहीत, खाली गाव नाही, आसपास दुसरं विमान नाही. ही तपासणी तोंडपाठ नको, डोळ्यांनी करा.

महासंचालनालयाला एकच विनंती. लॉगबुकात स्टॉल आणि स्पिनसाठी वेगळा रकाना असावा, आणि त्यात किती केले यासोबत किती स्वतःच्या हाताने सावरले तेही लिहावं. भाच्याच्या लॉगबुकातला तो रकाना रिकामा दिसला असता, तर कोणीतरी त्याला सोलोला सोडण्याआधी एकदा थबकलं असतं. आई-बापांनाही तो दाखवा. वावर विकून फी भरणाऱ्याला एवढं विचारायचा हक्क आहे. आणि परीक्षेच्या दिवशी भोंग्याच्या पहिल्या सुरावर नाक खाली केलं की पास, एवढ्यावर भागवू नका.

भाच्याचं काय झालं, असं कोणी विचारेल. तो सध्या नोकरीच्या रांगेत आहे. पैसे जमले की स्पिन शिकवणाऱ्या एखाद्या ठिकाणी जाऊन येईन, म्हणतो. पोरगं शहाणं आहे. पण हे त्याने लायसन्स हाती आल्यावर, आणखी पैसे मोजून का शिकायचं?

आता जागेचं. स्पिन कुठे करायचा हा प्रश्न तुम्हाला पडेल, कारण गावावर विमान गरगर फिरताना दिसलं की लोक पोलिसांना फोन करतात, आणि ते रास्तच आहे. आमच्या शिवाराच्या पूर्वेला मोठा मोकळा पट्टा आहे, वस्ती नाही, नुसतं पडीक आणि थोडी तूर. आधी तुमच्या माणसाने येऊन पाहून जावं. सकाळी सात ते नऊ हवा शांत असते, वावटळी दहानंतर सुरू होतात. परवानगी कशी मिळते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ग्रामसभेत मी स्वतः बोलतो. पोलीस पाटलांनाही सांगून ठेवतो की विमान फिरत खाली आलं तरी घाबरायचं नाही, ते पुन्हा वर जाते.

आपला,
एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक
जि. अमरावती